जांभ्याची माती आधी धुवावी, मग चाळावी

एकाच पोत्यातली जांभ्या दगडाची तांबडी माती, चाळण्यांचा संच तोच, तराजू तोच आणि चाळणारे हातही तेच. तरीही ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून खाली गेलेल्या मातीचे प्रमाण एकदा शेकडा ८.६ आले आणि दुसऱ्यांदा शेकडा ३२.६. वजन करताना दोन्ही वेळा काहीही चुकले नव्हते. पहिल्यांदा मी माती वाळवून कोरडीच चाळली होती आणि दुसऱ्यांदा ती आधी पाण्याने धुतली होती, एवढाच काय तो फरक. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात ४ मीटर उंचीची चिऱ्यांची, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडांची, एक संरक्षक भिंत पुढे झुकली, आणि त्या भिंतीमागच्या भरावाच्या तपासणी-अहवालावर सही माझी होती. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. तरी नव्याने या कामात येणाऱ्या मुलामुलींना चाळणी-परीक्षा शिकवताना मी अजूनही याच दोन आकड्यांपासून सुरुवात करते, आणि आज तेच येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

मातीचे कण मोजायचे म्हणजे काय करायचे, हे समजायला स्वयंपाकघरापलीकडे जावे लागत नाही. पिठाची चाळण वेगळी, रव्याची वेगळी, आणि वैद्याकडचे चूर्ण तर वस्त्रगाळ केलेले असते. आपण वस्तूच्या बारीकपणाला नाव देतो ते ती कशातून गाळली यावरून. स्थापत्य अभियंता मातीचे हेच करतो. भारतीय मानकाप्रमाणे ८० मि.मी. पासून ४.७५ मि.मी. पर्यंतचे ते खडे, ४.७५ मि.मी. पासून ७५ मायक्रॉनपर्यंतची ती वाळू, आणि ७५ मायक्रॉनच्या खाली गाळ व चिकणमाती, ज्यांच्यातली सीमा २ मायक्रॉनवर मानली आहे. वाळूचेही पुन्हा तीन भाग पडतात: २ मि.मी. पर्यंत भरड, ४२५ मायक्रॉनपर्यंत मध्यम आणि त्याखाली बारीक. ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण माणसाच्या केसाची जाडी. डोळ्यांना एकेक कण वेगळा दिसण्याची हद्द जवळपास येथेच संपते, आणि बोटांत चोळल्यावर लागणारी खरखरही येथेच संपते. त्यामुळे ही सीमा कागदावरची असली तरी हाताला ओळखीची आहे.

आमच्या प्रयोगशाळेतली जुनी माणसे या चाळणीला अजूनही ‘दोनशे नंबर’ म्हणतात. एका इंचात २०० छिद्रे, असा त्या नंबराचा अर्थ. इंच म्हणजे २५.४ मि.मी.; त्याचे २०० भाग केले तर एक भाग १२७ मायक्रॉनचा येतो, आणि त्यातले ७५ मायक्रॉन छिद्राचे असतील तर उरलेले ५२ तारेचे. इतक्या बारीक तारेने विणलेली जाळी बोटाने दाबली किंवा राठ ब्रशने घासली तर ताणली जाते, छिद्रे मोठी होतात, आणि त्यानंतर ती चाळणी प्रत्येक नमुन्याबद्दल थोडे थोडे चुकीचे सांगू लागते. महिन्यातून एकदा मी ती खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरते. जाळी शाबूत असेल तर सगळीकडून सारखा, धुक्यासारखा उजेड येतो. एखादी तार सरकली असेल तर त्या जागी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकतो. असा ठिपका दिसला की ती चाळणी परीक्षेच्या कामातून बाद करावी.

चाळणी कणाचे नेमके काय मोजते, हेही लक्षात असू द्यावे. उकड्या तांदळाचा दाणा आडवा पडला तर छिद्रातून जाणार नाही, पण उभा राहिला की निघून जातो. म्हणजे त्याला अडवते किंवा सोडते ती त्याची लांबी नव्हे, मधली बाजू. चाळणी हलवण्याचा हेतू हाच की प्रत्येक कणाला उभे राहण्याची संधी मिळावी. यंत्रावर (शेकरवर) किमान १० मिनिटे हलवण्याची जी पद्धत आहे ती यासाठीच. शिवाय चाळणीवर एकाच वेळी फार माती ओतली तर वरच्या कणांना जाळी दिसतच नाही, आणि मग कितीही हलवले तरी उत्तर भरडच येते.

पद्धत एरवी सरळ आहे. नमुना चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग घ्यायचे, ते पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करायचे, असे करत करत हवे तेवढे वजन उरवायचे. मोठे खडे असतील तर नमुनाही मोठा लागतो: सर्वांत मोठा कण ४० मि.मी. चा असेल तर २५ किलो, आणि सगळी माती ४.७५ मि.मी. च्या खालची असेल तर ४०० ग्रॅमही पुरतात. मग चाळण्या मोठ्या छिद्रापासून लहान छिद्रापर्यंत एकाखाली एक रचायच्या, तळाला थाळी ठेवायची, प्रत्येकीवर राहिलेल्या मातीचे वजन करायचे, आणि कोणत्या मापातून शेकडा किती खाली गेली याची वक्ररेषा काढायची. आडव्या अक्षावर मापे दसपटीच्या पायऱ्यांनी मांडतात, कारण खडा आणि गाळ एकाच कागदावर आणायचे तर साध्या मोजपट्टीवर गाळाला जागाच उरत नाही.

या वक्ररेषेवरून तीन मापे वाचली जातात. वजनाने शेकडा १० माती ज्या मापाहून बारीक आहे ते डी-१०, शेकडा ३० साठी डी-३० आणि शेकडा ६० साठी डी-६०. डी-६० ला डी-१० ने भागले की एकरूपतेचा गुणांक मिळतो, आणि डी-३० च्या वर्गाला बाकीच्या दोघांच्या गुणाकाराने भागले की वक्रतेचा. वाळूच्या बाबतीत पहिला ६ हून जास्त आणि दुसरा १ ते ३ च्या दरम्यान असेल तर ती चांगल्या श्रेणीची. म्हणजे तिच्यात सर्व मापांचे कण आहेत, मोठ्यांच्या फटीत मधले आणि मधल्यांच्या फटीत लहान बसतात, आणि रोलर फिरवला की ती घट्ट होते. आमच्या किनाऱ्यांवरची वाळू लाटांनी आणि वाऱ्याने शतकानुशतके चाळलेली आहे. तिचे कण जवळजवळ एका मापाचे असतात आणि वक्ररेषा भिंतीसारखी उभी येते. भूवैज्ञानिक तिला उत्तम निवडलेली म्हणतो आणि अभियंता निकृष्ट श्रेणीची म्हणतो. दोघेही एकाच रेषेकडे पाहत असतात, आणि आपापल्या जागी दोघांचेही बरोबर असते.

आता त्या भिंतीकडे वळते. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी फोंडा तालुक्यातल्या एका लहान खासगी प्रयोगशाळेत लागले होते, त्याचे ते दुसरे वर्ष. एका ठिकाणी डोंगराचा उतार कापून घरांसाठी सपाट जागा केली होती. कापलेल्या बाजूला चिऱ्यांची भिंत बांधायची, तिच्यामागे तीच खोदलेली तांबडी माती भरायची, भिंतीला लागून २० ते ४० मि.मी. खडीचा निचऱ्याचा थर द्यायचा आणि भिंतीत पाणी जाण्यासाठी भोके ठेवायची, असा बेत होता. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मि.मी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तेव्हा भिंतीमागचे पाणी निघून जाते की साठते यावरच भिंतीचे आयुष्य ठरते. माती निचऱ्याची आहे का, एवढेच आम्हाला विचारले होते.

पोते आले. मी माती रात्रभर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवली, ढेकळे फोडली आणि चाळली. शेकडा ३० भाग ४.७५ मि.मी. च्या वर राहिला. खालच्या भागातले ५०० ग्रॅम घेतले. २ मि.मी. वर १४० ग्रॅम, ४२५ मायक्रॉनवर १६५, ७५ मायक्रॉनवर १५० आणि थाळीत ४३, एकूण ४९८. दोन ग्रॅम हवेत उडाले असतील. थाळीतले ४३ म्हणजे शेकडा ८.६, आणि खडे धरून संपूर्ण नमुन्यात शेकडा ६. वक्ररेषेवरून डी-१० सुमारे ०.१ मि.मी. आले. पाणी गाळण्याच्या वाळूवर काम करताना ॲलन हेझन यांनी १८९२ मध्ये मांडलेले सूत्र मला पाठ होते: डी-१० मि.मी. मध्ये घेऊन त्याचा वर्ग केला की पाझराचा वेग साधारणपणे सेकंदाला सेंटिमीटरमध्ये मिळतो. ०.१ चा वर्ग ०.०१. म्हणजे चांगल्या वाळूसारखा पाझर. गाळ अल्प, निचरा समाधानकारक, असे मी लिहिले आणि सही केली.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीच्या भोकांतून तांबडे पाणी येत असल्याचे तेथल्या लोकांनी कळवले. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी यायचे थांबले, आणि ते ऐकून मला बरे वाटले होते. थांबलेल्या पाण्याचा खरा अर्थ जुलैअखेरीस समजला. भिंत मध्यभागी पुढे आली होती, चिऱ्यांच्या सांध्यांतून ओल फुटत होती आणि भोके मात्र कोरडी होती. मातीतला बारीक भाग पाण्याबरोबर वाहत खडीच्या फटींत जाऊन बसला होता आणि निचऱ्याचा थरच चिखलाने भरून गेला होता. ४ मीटर उंचीच्या भिंतीमागे पूर्ण पाणी साठले तर लांबीच्या दर मीटरला सुमारे ८ टनांचा आडवा रेटा केवळ पाण्याचा पडतो, मातीचा वेगळाच. सुदैवाने लोकांना वेळेवर हलवले, कुणालाही इजा झाली नाही, आणि भिंतीत दोन छिद्रे पाडून पाणी काढल्यावर ती तशीच झुकलेली उभी राहिली.

प्रयोगशाळेत त्या पोत्यातली उरलेली माती अजून होती. आमचे साहाय्यक काका त्याआधी डिचोलीकडच्या खाणींवर खनिजाच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून आलेले. त्यांनी मूठभर माती हातात घेतली, थोडे पाणी टाकून तळहातावर चोळली आणि तळहात माझ्यासमोर धरला. वाळूचे दाणे म्हणून मी जे मोजले होते त्यातले बरेच दाणे तांबड्या लगद्यात विरघळून गेले होते. काका म्हणाले, “बाई, खाणीवर आम्ही धुतल्याशिवाय ग्रेड कधी सांगितली नाही. हिला न्हाऊ घाल आणि मग विचार, तू कोण म्हणून.”

मग आम्ही धुतली. उरलेल्या मातीतून पुन्हा ५०० ग्रॅम कोरड्या वजनाचा नमुना घेतला, पाण्यात लिटरमागे २ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट (चिकटलेले कण सुटे करणारे विलगकारी द्रव्य) विरघळवून त्यात तो भिजत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर थोडा थोडा ओतून नळाच्या बारीक धारेखाली धुवायला घेतला. वर २ मि.मी. ची चाळणी ठेवली होती, नाहीतर खड्यांच्या वजनाने खालची जाळी फाटते. चाळणीखाली पांढरे घमेले होते. पहिले पाणी वीटकरी रंगाचे, इतके दाट की घमेल्याचा तळ दिसत नव्हता. ते टाकून दुसरे, तिसरे. मातीवर हात न दाबता बोटांच्या टोकांनी ती नुसती हलवायची, की चिकटून बसलेला लेप सुटतो. सहाव्या-सातव्या घमेल्याला पाणी फिक्या चहासारखे झाले. पुढे घमेल्याचा तळ दिसू लागला, तरी काकांनी थांबू दिले नाही. पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ते उजेडासमोर धरायला लावले, आणि पेल्यातून खिडकीचे गज स्पष्ट दिसले तेव्हा नळ बंद केला. पाऊण तास गेला होता.

चाळणीवर उरलेली माती वाळवून तोलली तर ३४२ ग्रॅम. म्हणजे १५८ ग्रॅम माती पाण्याबरोबर गेली होती. वाळलेली पुन्हा चाळली: २ मि.मी. वर १२८, ४२५ मायक्रॉनवर ११२, ७५ मायक्रॉनवर ९७, थाळीत ५. १५८ आणि ५ मिळून १६३, शेकडा ३२.६. मी दोन्ही वजनांचे कागद शेजारी ठेवून पाहिले. भरड चाळणीवरचे वजन १२ ग्रॅमनी घटले होते, खालच्या दोघींवरचे प्रत्येकी ५३ ग्रॅमनी. मी ज्यांना मध्यम आणि बारीक वाळू म्हणून लिहिले होते, त्यांतली शंभरावर ग्रॅम वाळू मुळात वाळू नव्हतीच. ते चिकणमातीचे गोळे होते आणि खऱ्या दाण्यांवर बसलेले लेप होते. खडे धरून संपूर्ण नमुन्यात बारीक भाग शेकडा ६ नव्हे, सुमारे २३ होता. वर्गीकरणात शेकडा ५ ते १२ बारीक भाग असलेल्या मातीला दुहेरी चिन्ह (दोन गटांची मिळून एक खूण) मिळते आणि १२ च्या वर गेली की ती चिकणमातीयुक्त किंवा गाळयुक्त वाळू ठरते. माझी माती सीमेच्या अलीकडून पार पलीकडे गेली होती. डी-१० तर आता चाळणीच्या हाती लागतच नव्हते, कारण ते ७५ मायक्रॉनच्याही खाली होते. हेझनचे सूत्र येथे लावणे मुळातच गैर होते. ते स्वच्छ, बऱ्यापैकी एकसारख्या वाळूसाठी आहे, आणि माझ्या कोरड्या वक्ररेषेचा एकरूपतेचा गुणांक ३० च्या आसपास होता. एवढे तरी मला त्याच वेळी दिसायला हवे होते.

जांभ्याची माती असे का वागते, याचे कारण तिच्या जन्मात आहे. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा खडक पाहून १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ असे नाव दिले, कारण तेथील लोक तो ओला असताना विटांसारखा कापत आणि उघड्यावर तो टणक होत असे. आपल्याकडचे चिरे तेच. उष्ण आणि भरपूर पावसाच्या प्रदेशात मूळ खडकातली सिलिका हळूहळू वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. ही ऑक्साइडे चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांना एकत्र बांधून वाळूएवढे, कधी वाटाण्याएवढे गोळे बनवतात. गोळा कोरडा असताना दगडासारखा वाटतो. काही गोळे खरोखर दगडच झालेले असतात, काही पाण्यात विरघळतात, आणि काही फक्त चोळले तरच फुटतात. म्हणून जांभ्याच्या मातीच्या कणाचे माप हे शाडूच्या किंवा नदीच्या रेतीच्या मापासारखे मातीत तयार बसलेले नसते. तुम्ही तिला किती वाळवता, किती कुटता, किती वेळ भिजवता, विलगकारी द्रव्य घालता की नाही, यांवर ते ठरते.

वाळवण्याचा दोष तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. ओव्हनच्या उष्णतेने या ऑक्साइडांतले पाणी जाते आणि कण कायमचे एकमेकांना धरून बसतात. पुन्हा भिजवले तरी ते सगळे सुटत नाहीत. काकांनी धुतलेली ती मातीसुद्धा मी आधी ओव्हनमध्ये घातलेल्या पोत्यातलीच होती, तेव्हा खरा बारीक भाग ३२.६ हूनही जास्त असण्याचा संभव आहे. आता मी नमुना नैसर्गिक ओलीत असतानाच धुते, फार तर सावलीत हवेवर सुकवते, आणि शेजारचा थोडा भाग वेगळा वाळवून ओलीचे प्रमाण काढून कोरडे वजन हिशेबाने मिळवते. कुटण्याचेही तेच. लोखंडी मुसळीने कुटले तर मऊ जांभ्याचे खडे भुगा होतात आणि माती आहे त्याहून बारीक दिसते. म्हणून रबर लावलेली मुसळी, आणि तीही दाबून फिरवायची, आपटायची नाही. काही खडे तर शेकरवरच झिजतात. १० मिनिटांऐवजी २० मिनिटे हलवले की वक्ररेषा डावीकडे, म्हणजे बारीक मापांकडे, सरकलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, म्हणून जांभ्याच्या मातीला मी १० मिनिटांहून जास्त वेळ देत नाही.

आणखी एक गोष्ट अभ्यासक्रमात ओझरती येते. वक्ररेषा वजनाची असते, पण फटी भरतात त्या आकारमानाने. साध्या क्वार्ट्झ वाळूचे विशिष्ट गुरुत्व २.६५ असते आणि लोहाने भरलेल्या जांभ्याच्या खड्याचे कधी ३ च्या जवळ जाते. त्यामुळे वजनाने शेकडा ३० असलेले खडे जागेने त्याहून कमी असतात, आणि बारीक माती वजनावरून वाटते त्यापेक्षा जास्त जागा व्यापते. मोठ्या धरणाच्या कामाला हा हिशेब स्वतंत्र मांडावा; घराच्या भिंतीला तो नुसता ध्यानात ठेवला तरी चालतो.

खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या, शेतांतला चिखल हा याच्या दुसऱ्या टोकाचा. मांडवी-जुवारीच्या काठच्या बांधांची माती धुतली की जवळजवळ सगळीच ७५ मायक्रॉनमधून निघून जाते आणि चाळणीवर शिंपल्यांचे तुकडे तेवढे राहतात. तेथून पुढे पाण्यात कण किती वेगाने खाली बसतात यावरून माप काढावे लागते, ज्याचा नियम स्टोक्स यांनी १८५१ मध्ये दिला. २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली बसायला २० अंशांच्या पाण्यात जवळपास ८ तास घेतो, आणि आमच्या मे महिन्यातल्या ३० अंशांच्या पाण्यात सव्वासहा. पाण्याचे तापमान लिहून ठेवले नाही तर उत्तर चुकते. खाऱ्या पाण्यातले मीठ कणांना एकत्र गोळा करते, म्हणून हा चिखलही आधी गोड्या पाण्याने मीठमुक्त करून घ्यावा लागतो. धुण्यापासून सुटका तेथेही नाही.

भिंतीची दुरुस्ती करताना मात्र चाळणीचा आकडा प्रत्यक्ष कामाला आला. गाळण-थराचा मूळ नियम कार्ल तेर्झागी यांचा: गाळण-थराचे डी-१५ हे ज्या मातीला धरून ठेवायचे तिच्या डी-८५ च्या ४ ते ५ पटींहून मोठे नसावे, म्हणजे माती त्यात घुसत नाही; आणि तिच्याच डी-१५ च्या ४ ते ५ पटींहून लहान नसावे, म्हणजे पाणी अडत नाही. येथे आणखी एक फसगत आहे. खड्यांसकट डी-८५ काढले तर ते फार मोठे येते आणि कोणतीही खडी नियमात बसते. पण मूठभर खडे बाकीच्या मातीला धरून ठेवत नाहीत, ती त्यांच्यामधून निसटते. म्हणून डी-८५ हे ४.७५ मि.मी. च्या खालच्या भागाचेच घ्यावे. आमच्या धुतलेल्या मातीत ते सुमारे २.९ मि.मी. आले, म्हणजे जुन्या नियमाने गाळणाच्या डी-१५ ची मर्यादा साडेअकरा मि.मी. बारीक भाग शेकडा १५ ते ३९ असेल तर त्याप्रमाणात ही मर्यादा आणखी खाली आणण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिने हिशेब केला तर ती जेमतेम ४ मि.मी. वर येते. आणि भिंतीमागे घातलेल्या खडीचे डी-१५ होते २० मि.मी. च्या वर.

भिंतीचा झुकलेला भाग उतरवून पुन्हा बांधताना मातीला लागून धुतलेल्या भरड वाळूचा थर दिला, तिच्यापुढे ६ ते १२ मि.मी. ची बारीक खडी आणि भिंतीला लागून जुनीच मोठी खडी, धुऊन घेतलेली. तिन्ही थर एकमेकांना तोच नियम लावून तपासले: वाळूने मातीला धरायचे, बारीक खडीने वाळूला आणि मोठ्या खडीने बारीक खडीला. ठेकेदाराला तीन थर म्हणजे वाया जाणारी मजुरी वाटत होती. त्याला मी प्रयोगशाळेत बोलावून ते पांढरे घमेले दाखवले, त्याच्याच हाताने माती धुवायला लावली, आणि त्यानंतर त्याने हरकत घेतली नाही.

तेव्हापासून आमच्या अहवालात वक्ररेषेच्या आधी चार ओळी असतात: नमुना कसा वाळवला, कशाने आणि किती कुटला, विलगकारी द्रव्य घातले का व किती वेळ भिजवला, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला का. हा अहवाल दोन दिवस उशिरा मिळतो, अशी तक्रार येते. ते दोन दिवस भिजवण्याला आणि धुण्याला लागतात, आणि जांभ्याच्या मातीसाठी त्यांत काटछाट करायला मी तयार नाही.

नव्या थरांनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तीन वेळा त्या भिंतीपाशी गेले. जूनमधल्या पहिल्या दोन सरींत भोकांतून किंचित तांबूस पाणी आले, कारण थर बसत असताना थोडी माती निसटतेच. जुलैत ते निवळले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस कोसळत होता तेव्हा छत्री घेऊन भिंतीच्या पायथ्याशी उभी राहून मी भोके मोजली. बारा होती, आणि बाराही भोकांतून पाणी वाहत होते. सोबत नेलेल्या काचेच्या पेल्यात त्यातले थोडे धरले आणि आभाळाकडे करून पाहिले. पेल्याच्या तळाशी धरलेली माझी बोटे त्यातून स्पष्ट दिसत होती.